तुकडा ‘अ’ला पाणी कोणी दिलं

१३ जानेवारी २०२६, मंगळवार. तीर्थपुरी.

जे घडलं ते क्रमाने.

१. १२ डिसेंबरला बद्रीनाथकाकांच्या मोसंबीच्या बागेत तुकडा ‘अ’चं (चोवीस झाडं) ठिबकचं पाणी बंद केलं. बहर एकदम आणि भरपूर फुटावा म्हणून झाड असं तहानलेलं ठेवतात. इथे त्याला ताण देणं म्हणतात. मुदत चाळीस दिवस. तुकडा ‘ब’ला (चोवीस झाडं) पाणी नेहमीप्रमाणे चालू.

२. जमिनीतला ओलावा मोजायला प्रत्येक तुकड्यात सहा सेन्सर. दर पंधरा मिनिटांनी नोंद.

३. १० आणि ११ जानेवारी मी जुन्या जालन्यात आईवडिलांकडे. कारण: रेकॉर्ड केलेली व्याख्यानं बघायची होती आणि तीर्थपुरीत इंटरनेट रांगतं. हे दोन दिवस बागेवर देखरेख सोलेनची.

४. रविवारी ११ तारखेला काकांनी बागेच्या कडेला हुरडा पार्टी ठेवली. बावीस माणसं. सोलेन हजर. मला बोलावणं होतं, गेले नाही.

५. ११:३२ ला मला काकांचा फोन. अडतीस सेकंद. प्रयोगाशी संबंध नाही.

६. ११:४५ ते १३:१५ या वेळात तुकडा ‘अ’मधल्या सहापैकी पाच सेन्सरवर ओलावा १९.२ टक्क्यांवरून ३१.६ वर. पाऊस नाही.

७. म्हणजे तुकडा ‘अ’चा व्हॉल्व्ह कोणीतरी उघडला. तिसाव्या दिवशी ताण तुटला.

८. सोलेनने मला काहीही कळवलं नाही. आकडे मी सोमवारी उतरवले तेव्हा कळलं.

९. निष्कर्ष: देखरेखीतली कसूर. प्रयोगाची आखणी निर्दोष होती.

वरचं फ्रेंचमध्ये करून दुपारी प्राध्यापिकाबाईंना पाठवलं. एकही विशेषण नाही. वापरायची म्हटली असती तर होती माझ्याकडे.

सोलेन बेल्जियममधल्या माझ्या वर्गातली. तिथे आम्ही एकाच कोटमध्ये राहतो. कोट म्हणजे विद्यार्थ्यांचं भाड्याचं घर: आठ खोल्या, एक स्वयंपाकघर, आणि त्या स्वयंपाकघरात आठवड्यातून चारदा कशाचा तरी आनंद साजरा करणारी सात माणसं. सोमवारी कुणाचा वाढदिवस, बुधवारी कुणाच्या गावाकडचं चीज, गुरुवारी सगळा वर्ग बाहेर. भेटल्यावर गालाला गाल लावतात, एकदाच. मी हात पुढे करते. कोपर ताठ ठेवलं की मधलं अंतर साठ सेंटिमीटरच्या खाली येत नाही.

तिथे गेल्यावर पहिल्याच महिन्यात मी वेळेचा तक्ता केला. अभ्यास आठवड्याला अठ्ठावन्न तास, सामाजिक दोन तास. ते दोनही संपत नाहीत. अभ्यास आणि मित्रमंडळी यांचा तोल कसा राखावा यावर विद्यापीठाने परदेशी विद्यार्थ्यांसाठी एक सत्र ठेवलं होतं. त्यात चिकट कागदांवर आपल्या भावना लिहून भिंतीला लावायच्या होत्या. मी ग्रंथालयात गेले.

आणि तरी पहिल्या वर्षी शेतकरी सर्वेक्षणाच्या पेपरात मला वीसपैकी अकरा आणि सोलेनला सोळा. सरासरी आणि मध्यक यांतला फरक तिला मी समजावला होता. बाई मला म्हणाल्या, “तुझ्या अहवालात आकडे आहेत, माणसं नाहीत.” मला आधी ती स्तुती वाटली. मग त्यांनी प्रबंधासाठी आमची जोडी लावली. विषय माझा, बाग माझ्या काकांची, गाव माझं. सोलेन माणसांसाठी.

माणसांचं काय झालं ते वर क्रमांक चारमध्ये आहे.

१४ जानेवारी, बुधवार

संक्रांत. सकाळपासून घरात बायका. सगुणाकाकूने तीनदा खोलीत डोकावून बघितलं.

“प्रिया, आज तरी भाईर ये गं. बाया विचारून राह्यल्या, बद्रीनाथची पुतणी आल्ती म्हणं, दिसत कशी न्हाई.”

“काम आहे, काकू.”

“सुलूला बी कामच हाय की. सकाळधरनं तीळ भाजून राह्यली ती.”

सुलू म्हणजे सोलेन. गावात येऊन आठवडा होत नाही तोच तिचं नाव आवरून घेतलं लोकांनी. माझं पूर्ण नाव प्रियदर्शनी आहे हे काकूला रेशनकार्ड बघून आठवावं लागतं.

शेवटी पंधरा मिनिटं बाहेर बसले. घड्याळ लावून. विचारलेले प्रश्न तीन: तिथं भाकरी मिळते का, इतकी वाळलीस का, लग्नाचं काय. तिन्हींचं उत्तर “बघू” असं दिलं. ते तिन्हींना चाललं, यावरून प्रश्नांची पातळी कळावी. वाण म्हणून प्लास्टिकची चाळणी मिळाली.

सोलेन काकूची हिरवी साडी नेसून दारात कुंकू लावत होती. बायकांनी तिला उखाणा घ्यायला लावला. नवरा नाही, तर नाव कुणाचं घेणार? तिने वडिलांच्या गोठ्यातल्या गाईचं घेतलं, मार्गरीत. त्यावर बायका इतक्या हसल्या की एकीला ठसका लागला. मग गाय दूध किती देते, वेत कितवं, हे सगळं खुणांनी विचारून झालं. बेल्जियमच्या डोंगराळ भागातल्या गोठ्याची संपूर्ण माहिती आता तीर्थपुरीतल्या तीस बायकांना आहे. तुकडा ‘अ’ची कोणाला असेल असं वाटत नाही.

रविवारच्या प्रकाराबद्दल ती एक शब्द बोललेली नाही. मीही विषय काढला नाही. लेखी गोष्ट लेखीच संपवावी.

दुपारी माझ्या दाराशी वाटीत चार तिळाचे लाडू ठेवलेले. खाल्ले. कोटमध्येही अशी एक पद्धत आहे. डिसेंबरअखेर परीक्षेच्या तयारीसाठी सगळे कोंडून घेतात तेव्हा दाराबाहेर सूपचा वाडगा ठेवला जातो. पहिल्या वर्षी मला अठरा दिवसांत सोळा वेळा मिळाला. बाकीचे आपापला वाडगा लवकर उचलत असावेत, कारण दुसऱ्या कोणाच्या दाराशी मी तो कधी पाहिला नाही.

१६ जानेवारी, शुक्रवार

बाईंचं उत्तर आलं. चार वाक्यं.

एक, एकीच्या सहीचा अहवाल त्या वाचत नाहीत. दोन, तो त्यांनी सोलेनला पाठवला आहे. तीन, दोघींच्या सहीचं एकच निवेदन ३० जानेवारीपर्यंत न आल्यास प्रयोग फसला अशी नोंद होईल आणि प्रबंध पुढच्या वर्षावर जाईल. चार, गावाकडच्यांना नमस्कार.

माझी शिष्यवृत्ती दोन वर्षांची आहे. तिसरं वर्ष नाही. म्हणजे प्रबंध पुढच्या वर्षावर जाणं म्हणजे माझ्यासाठी पदवीच नाही. हे बाईंना माहीत आहे. तरी नमस्कार.

अंगणात सोलेन काकूसोबत कोथिंबीर निवडत होती. फोन वाजला तसा ओल्या हाताने उचलून तिने अहवाल वाचला. मग पुन्हा वरपासून वाचला. काकूला त्यातलं काही कळत नव्हतं, पण तिने जुडी खाली ठेवली.

“तू मला विचारलं नाहीस,” सोलेन म्हणाली. आम्ही फ्रेंचमध्येच बोलतो.

“घटनांच्या नोंदीत विचारणं हा टप्पा नसतो.”

“क्रमांक पाच. संबंध नाही, हे तुला कोणी सांगितलं?”

“फोन मला आला होता.”

तिने फोन पालथा ठेवला. उत्तर सापडत नसलं की माणसं असं काहीतरी करतात. मग म्हणाली, “बरं.” आणि पुन्हा कोथिंबीर.

काकू मला म्हणाली, “काय बोललीस गं तिला? पोरीचं तोंड एवढंसं झालं.”

“काही नाही. कामाचं.”

“तुझं काम लई वंगाळ दिसून राह्यलं बाई.”

१७ जानेवारी, शनिवार

काकू माहेरी गेली, हसनाबादला. दरवर्षी संक्रांतीनंतर जाते. या वर्षी सोबत सोलेनला नेलं. मला विचारलं नाही. विचारलं असतं तरी गेले नसते, पण विचारायची रीत असते, असं काकूच सांगत असते.

त्यांना सोडायला चुलतभाऊ हरिओम गाडी घेऊन आला. ठिबकच्या नळ्यांचं दुकान आहे त्याचं. मला तो साहेब म्हणतो.

“साहेब, येता का? पाठीमागं जागा हाय. तुमच्या मशिनी मांडीवर घेऊन बसा.”

“नको.”

“बराबर हाय. तुम्ही गेल्यावर आकड्याला पाणी कोण पाजणार?”

काकू गाडीत बसता बसता म्हणाली, “भाकरी हायेत दोन दिवसाच्या. मंग कर तू. शिकलेली हायस.”

सोलेनने काच खाली केली नाही.

१९ जानेवारी, सोमवार

भात लागला. काका वरचा वरचा खाऊन उठले. माझ्या हातचं जेवताना त्यांचा चेहरा तहसीलच्या रांगेत उभ्या माणसासारखा असतो.

सोलेनला तीन संदेश पाठवले. पहिला: निवेदनाचा मसुदा तयार आहे. दुसरा: सहीची मुदत. तिसरा: पहिले दोन मिळाले का. तिन्हींवर निळ्या खुणा आल्या, उत्तर नाही. काकूने मात्र फोटो पाठवला. हसनाबादच्या कुठल्याशा ओट्यावर सोलेन म्हाताऱ्यांच्या मध्ये बसून शेंगा फोडते आहे. तिचा प्रबंधही अडकला आहे हे तिच्या चेहऱ्यावर दिसत नाही. अशा लोकांचं नेहमी निभावतं. ते कुठेही जाऊन बसतात आणि कोणीतरी सरकून जागा देतं.

मसुद्यात मी क्रमांक नऊ मवाळ केला आहे. ‘कसूर’च्या जागी ‘संवादातली उणीव’. याहून जास्त करता येणार नाही.

२० जानेवारी, मंगळवार

सहीशिवाय पुढे जायचं तर निदान व्हॉल्व्ह कोणी उघडला हे साक्षीदाराकडून नोंदवून घ्यावं, म्हणून सकाळी बागेत गेले. दुर्गाबाई तिथे होत्या. त्या या बागेत माझ्या वयाइतकी वर्षं काम करतात. हुरड्याच्या दिवशी आगटीवर कणसं भाजायला त्याच होत्या. दोन महिन्यांत मी त्यांच्याशी “बाजूला व्हा, सेन्सर आहे” याखेरीज काही बोलले नव्हते. गरज पडली नव्हती.

“आली का बाई तू,” त्या म्हणाल्या. “मला वाटलं तुला बाग त्या डब्ब्यातच दिसती.”

“दुर्गाबाई, रविवारी, अकरा तारखेला, या तुकड्याचा कॉक कोणी उघडला?”

“तुझ्या काकानं.”

इतक्या सरळ उत्तराची तयारी नव्हती. मी विचारलं, काकांनी कशाला? ताण दिलेल्या झाडाला मध्येच पाणी सोडायचं नसतं हे त्यांना माझ्या जन्माआधीपासून ठाऊक आहे.

“हुरडा खाऊन बावीस माणसाचे हात काळे. राखच राख. आमदाराचा माणूस आल्ता पांढरे कपडे घालून, तो तसाच हात वर धरून उभा, पोलिसानं पकडल्यावाणी. हिर तिकडं त्या टोकाला. इथं जवळ ह्याच नळ्या. मंग कुणीतरी म्हणलं, कॉक खोला, नळीचं बूच काढा, धुऊ द्या हात.”

“आणि सोलेन? ती काय करत होती?”

“सुलू? अगं ती तर कॉकपुढं आडवी झाल्ती. दोन्ही हात असे. नको नको, प्रिया, प्रिया, एवढंच म्हणून राह्यली. माणसं हासली. मला बी हासू आलं, खोटं कशाला बोलू. मंग तुझा काका म्हणला, थांबा, माझ्या पुतणीचा परयोग हाय, तिला इचारल्याबिगर मी हात लावणार न्हाई. तवा त्यानं तुला फोन लावला.”

“मला.”

“तूच हो म्हणलीस की. काकानं फोन ठिवला, सुलूला म्हणला, प्रिया हो म्हणली. मंग ती बाजूला झाली. तू म्हणलीस म्हणून झाली. नायतर हलली नसती ती, बैलावाणी उभी व्हती.”

मी म्हटलं असं होणं शक्य नाही.

“न्हाई तर न्हाई बाई,” दुर्गाबाई म्हणाल्या आणि तण काढायला वाकल्या. “तुझ्या डब्ब्याला इचार.”

२१ जानेवारी, बुधवार

नातेवाइकांच्या फोनसाठी माझी एक पद्धत आहे. दीड वर्षापूर्वी बेल्जियममध्ये बसवली. त्यांचं बोलणं सरासरी चाळीस सेकंदांत एक वर्तुळ पूर्ण करतं: जेवलीस का, थंडी आहे का, अमक्याचं लग्न ठरलं. मजकूर शून्य. म्हणून फोन कानाला, डोळे पडद्यावर, आणि दर दहा सेकंदांनी एक ‘हो’. कोणी आजवर तक्रार केलेली नाही. या पद्धतीने मी आठवड्याला अंदाजे पन्नास मिनिटं वाचवते.

काकांना नाश्त्याच्या वेळी त्या फोनबद्दल विचारलं. त्यांना धक्का बसला तो माझ्या विचारण्याचा.

“अगं, तूच तर म्हणलीस. मी दोनदा इचारलं. मला वाटलं तुझ्या परयोगातच असंल तसं. एका तुकड्याला मधीच पाणी द्यायचं, काय व्हतं ते बघायचं. तुमचं शिकलेल्याचं आम्हाला काय कळतं?”

“मी असं म्हटलेलं मला आठवत नाही, काका.”

“ऐक मंग.”

काकांच्या फोनमध्ये सगळे कॉल आपोआप रेकॉर्ड होतात. व्यापारी भाव बोलून फिरतात म्हणून हरिओमने तशी सोय करून दिलेली. चष्मा शोधून, बोटाने सरकवत सरकवत त्यांनी ११ तारखेचा कॉल काढला. फोन पोह्यांच्या ताटलीला टेकवून ठेवला.

काका: प्रिया, पाहुणे हात धुयाला पाणी मागून राह्यले. तुझ्या बंद ठिवलेल्या तुकड्याचा कॉक थोडा खोलू का?

मी: हो.

काका: न्हाई, ताण तुटंल त्याचा. तुझं काही बिघडणार न्हाई ना? ही सुलू नको म्हणून राह्यली.

मी: हो, हो.

काका: हो म्हंजे खोलू?

मी: हो काका. बरं. जेवले मी. ठेवते.

माझ्या आवाजामागे व्याख्यान चालू ऐकू येतं. दीडपट वेगाने. मी ते थांबवलंही नव्हतं. विषय, नोंद म्हणून: मोजमापातल्या त्रुटींचे स्रोत.

काकांनी फोन खिशात ठेवला. “जेवले म्हणलीस म्हणून मी तुझ्या काकूला बी सांगितलं, जेवली म्हणं पोरगी. साडेअकराला.” मग: “मी चुकलो का?”

नाही म्हटलं. ऐकून म्हटलं.

२२ जानेवारी, गुरुवार

नोंद नाही.

२४ जानेवारी, शनिवार

या आठवड्यात जालन्याला गेले नाही.

गावात आल्यावर पहिल्याच दिवशी मी ठरवून दिलं होतं की सगळ्या नोंदी संगणकात. कागदी वहीचं काम नाही. सोलेनने तरी एक वही घेतली होती. शंभर पानी, वर मोराचं चित्र. मोटारीच्या खोलीत खुंटीला दोरीने टांगलेली. तिच्यात ती काय लिहिते याची मी चौकशी केली नव्हती. मोराच्या चित्रावरून मत बनवलं होतं.

आज उघडली.

आत दोन महिने आहेत. कोणत्या दिवशी वीज किती वेळ होती. कोणत्या झाडाची पानं आधी पिवळी पडली, हे दुर्गाबाईंनी दाखवलं, झाडाच्या क्रमांकासकट. माझे आजोबा ताण कधी तोडत आणि कशावरून ठरवत. कोणत्या ओळीखाली मुरूम आहे. हे माझ्या सेन्सरांना माहीत नाही. यातल्या निम्म्या गोष्टी माझ्या काकांनी सांगितलेल्या आहेत, खुणा करून, तिला. मला सांगायला भाषेची अडचण नव्हती.

११ जानेवारीचं पान. फ्रेंचमध्ये, मोडक्या मराठी शब्दांसकट. व्हॉल्व्ह उघडला ११:४१. बंद १३:१२. उघडा ठेवला कारण बावीस माणसं एकदम धूत नाहीत, गप्पा मारत धुतात. तीन झाडांखाली चहाचे पेले लावून प्रत्येक तोटीतून पडणारं पाणी मोजलं. तिन्ही झाडांचे आकडे. बूच काढलेल्या टोकाशी किती वाहून गेलं त्याचा अंदाज, बादल्यांत. कडेला नळ्यांचं चित्र. मी असते तर यापेक्षा चांगलं मोजलं नसतं. पेले सुचले नसते.

खाली दोन ओळी.

“प्रि. ने परवानगी दिली. तिच्याकडे कारण असणार. विचारायचं.”

“१८:५०. विचारायला गेले. तिला वेळ नाही.”

त्या संध्याकाळचं सांगायचं तर, मी सहाला परतले, पावणेसातला लिहायला बसले. सोलेन दाराशी आली आणि म्हणाली, “आज बागेत...” मी म्हटलं, आत्ता नको, लिहून दे. हे मी विसरले नव्हते. क्रमांक आठ लिहिताना ते माझ्यासमोर होतं. तिने लिहून ‘दिलं’ नाही, तेव्हा वाक्य तांत्रिकदृष्ट्या बरोबर आहे असा विचार केला होता.

तिने लिहिलं होतं. मी घेतलं नव्हतं.

जाता जाता तुकडा ‘अ’मध्ये फिरले. फांद्यांच्या टोकांना हिरवं फुटायला लागलंय. पाणी कोणी दिलं याची चौकशी झाडाने केलेली दिसत नाही.

२६ जानेवारी, सोमवार

सकाळी शाळेतल्या भोंग्यावर भाषण चालू होतं. त्यात गावाची एक कन्या परदेशात गावाचं नाव उज्ज्वल करते आहे असा उल्लेख आला. खिडकी लावून घेतली.

बाईंना दुरुस्ती पाठवली. पाच ओळी. सोबत जोडायचं रेकॉर्डिंग काकांच्या फोनमधून काढायला हरिओमला सांगितलं होतं, तेव्हा त्याने ते ऐकलं. त्याच्याकडून काहीतरी येणार म्हणून थांबले. “साहेब,” एवढंच म्हणाला आणि फाइल पाठवून दिली. टोमणा आला असता तर बरं झालं असतं.

नंतर दुर्गाबाईंना विचारलं, कळ्या मोजायला सोबत याल का. हो म्हणाल्या. पुन्हा विचारलं. “बहिरी हायस का?” म्हणाल्या.

सोलेनला हे लिहिलं. फ्रेंचमध्ये पाठवलं, इथे मराठीत उतरवून ठेवते.

“सोलेन,

१३ तारखेच्या अहवालातले क्रमांक ५, ८ आणि ९ चुकीचे आहेत. ५ मला माहीत नव्हतं. ८ मला माहीत होतं. ९ मी त्या दोन्हींवर उभा केला.

हे आज सकाळी बाईंना कळवलं आहे, तुझ्या उत्तराची वाट न बघता. सोबत काकांचं रेकॉर्डिंग आणि त्याचा अनुवाद दिला आहे. तू व्हॉल्व्हसमोर उभी राहिलीस आणि माझ्या शब्दावर बाजूला झालीस, हेही लिहिलं आहे. त्यासाठी तू काही सिद्ध करायची गरज नाही.

वहीतलं ११ तारखेचं पान मी वाचलं. परवानगी न घेता वाचलं. फोटो काढलेला नाही, आकडे उतरवलेले नाहीत. वही खुंटीवर आहे. त्या पानाशिवाय माझे आकडे निरुपयोगी आहेत. ओलावा वाढला एवढं ते सांगतात, किती पाण्याने ते सांगत नाहीत. पान धरलं तर प्रयोग फसलेला नाही. तिसाव्या दिवशी, मोजलेल्या पाण्याने ताण तुटलेली चोवीस झाडं, शेजारी ताण न दिलेली चोवीस. असं शेतकऱ्याच्या बागेत खरोखर होतं. आपण आखलेल्यापेक्षा हा प्रश्न चांगला आहे. तो मी शोधलेला नाही.

दोन मार्ग आहेत. तू सही केलीस तर निवेदन दोघींचं, प्रबंध दोघींचा, तुझं नाव आधी. नाही केलीस तर तुझ्या वहीवर तू एकटी लिहू शकतेस. तसं केलंस तर सेन्सरचे सगळे आकडे तुझे. माझं नाव कुठेही नको, आभारातही. दुसऱ्या मार्गात माझं काय होईल ते तुला ठाऊक आहे. त्याचा विचार करून ठरवू नकोस, असं मी म्हणणार होते. पण तू काय विचारात घ्यावंस हे सांगायची जागा मी घालवली आहे.

कळ्यांची मोजणी ३१ तारखेला सुरू व्हायला हवी. काहीही ठरवलंस तरी ती मी आणि दुर्गाबाई करू. काकूला सांग, भात आता लागत नाही. मी हसनाबादला आले नाही, कारण तू बोलावलेलं नाहीस.

कोणता मार्ग ते एका शब्दात लिहिलंस तरी चालेल. फोन केलास तर ऐकेन. उत्तर गुरुवार, २९ जानेवारी, संध्याकाळी सहापर्यंत दे.

प्रियदर्शनी”